साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

१८९६ साली मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडले आणि दोन वर्षांनी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. माणसं अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहत होती आणि तिथेच मरत होती, हे सरकारला दिसत होतं. पण खोलीला पुरेसा उजेड आणि पुरेशी हवा म्हणजे नेमकी किती, ते कुणी ठरवलेलं नव्हतं. ट्रस्टच्या अभियंत्यांनी उत्तर भूमितीत शोधलं. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर एक रेषा काढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या खालीच राहिली पाहिजे. आकडा चमत्कारिक वाटतो, पण हिशेब शाळकरी आहे. उंची दोन, तर मोकळी जागा एक. समोरची इमारत वीस मीटर उंच असेल, तर मध्ये दहा मीटर मोकळी जागा हवी. ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वसाहतींमध्ये जुन्या इमारतींच्या तळमजल्यावरही भर दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो, त्यात या कोनाचा वाटा मोठा आहे.

हा नियम करताना विजेची बचत कुणाच्याही डोक्यात नव्हती. असण्याचं कारणही नव्हतं. टाटांची खोपोलीची जलविद्युत १९१५ साली सुरू झाली आणि ती मुख्यतः गिरण्यांसाठी होती. घरोघरी वीज पोहोचायला आणखी बराच काळ जायचा होता. रोगराईसाठी केलेला नियम पुढे शंभर वर्षं, कुणी न मोजता, दिवे आणि पंखे वाचवत राहिला.

आता त्याच शहराच्या पूर्व उपनगरात या. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. एकवीस मीटर उंची आणि तीन मीटर अंतर धरलं, तर कोन होतो ब्याऐंशी अंश. खालच्या मजल्यांवरून आकाश दिसायचं, तर खिडकीतून मान बाहेर काढून वर बघावं लागतं. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी या वसाहतींचा अभ्यास केला. २०१८ साली बाहेर आलेल्या त्या अभ्यासात, उजेड आणि वारा न मिळणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध दाखवला गेला. म्हणजे आपण फिरून १८९६च्या आसपास आलो, फक्त या वेळी घरात वीज आहे. सकाळी दहा वाजता ट्यूबलाइट लागते आणि रात्री झोपतानाच बंद होते. पंखा तर कधीच थांबत नाही. शासनाने घर फुकट दिलं आणि त्यासोबत जन्मभराचं वीजबिल बांधून दिलं.

या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. ऊर्जेची बचत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उपकरणं येतात: एलईडी दिवे, पाच तारे लावलेला फ्रिज, विजेवर चालणारी स्कूटर. ही सगळी चांगलीच आहेत. पण ती घरात येण्याच्या कितीतरी आधी शहराच्या नकाशाने बहुतेक खर्च ठरवून टाकलेला असतो. इमारतीचं तोंड कुठे, दोन इमारतींमध्ये अंतर किती, कामाचं ठिकाण घरापासून किती लांब, बस स्टॉपपर्यंत सावलीतून चालत जाता येतं की नाही, या गोष्टी राहणाऱ्याच्या हातात नसतात. शिवाय त्या बदलतही नाहीत. दिवा चार-पाच वर्षांत बदलतो, एसी दहा-बारा वर्षांत. इमारत साठ-सत्तर वर्षं उभी राहते. आणि रस्ता? पुण्याच्या पेठांमधले वाडे जाऊन अपार्टमेंटं आली, पण गल्ल्या बऱ्याच अंशी पेशवाईतल्याच आहेत. जो निर्णय सर्वांत जास्त टिकतो, तो घेताना ऊर्जेचा विचार सर्वांत कमी होतो, हे माझ्या मते आपल्या नगररचनेचं मूळ दुखणं आहे.

आधी सूर्याचं बघू, कारण तो नियमांना सवलत देत नाही. मुंबई साधारण एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो. मधल्या काळात तो चक्क उत्तरेकडून जातो. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला जवळजवळ अठ्ठेचाळीस अंशांवर उतरतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दक्षिणेची भिंत राखणं सोपं आहे: दीड-दोन फुटांचा छज्जा बहुतेक काम करतो. पश्चिमेच्या भिंतीला मात्र छज्जा पुरत नाही, कारण संध्याकाळचं ऊन तिरपं, थेट खिडकीतून आत येतं. त्याला अडवायला झाड लागतं, जाळी लागते, खोल व्हरांडा लागतो. तापलेली पश्चिमेची भिंत रात्री अकरा-बारापर्यंत ती उष्णता घरात सोडत राहते, नेमकी माणसं झोपायची तेव्हा.

मग लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवा आणि मोकळे व्हा, असं कुणीही म्हणेल. पण मुंबई स्वतःच उत्तर-दक्षिण पसरलेलं शहर आहे. तिचे मोठे रस्ते, एस. व्ही. रोड असो की लालबहादूर शास्त्री मार्ग, रेल्वेला समांतर धावतात, आणि त्यांच्या कडेच्या इमारती पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून उभ्या राहतात. त्यात समुद्रावरचा वारा पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे जो वारा हवा आहे तो आणि जे ऊन नको आहे ते, दोन्ही एकाच दारातून आत यायला बघतात.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर १९८३ साली पूर्ण झालेली कांचनजंगा ही अठ्ठावीस मजली इमारत उभारली, ती हाच पेच सोडवण्यासाठी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर. दृश्यही तिकडे आणि वाराही तिकडचा. ऊन आणि पावसाचा माराही मात्र तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्याची पडवी उचलून आकाशात नेली: इमारतीच्या कोपऱ्यांना दुमजली उंचीच्या खोल गच्च्या खोदल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्या आड सरकवल्या. त्या इमारतीत फक्त बत्तीस घरं आहेत आणि ती श्रीमंतांची आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण याच कोरियांनी त्याच दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये लहान प्लॉटवरची, सामायिक अंगणाभोवतीची बसकी घरं रचली. त्यात एकही लिफ्ट लागत नव्हती, आणि मालकाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता येत होतं. दोन्हीकडे सूत्र एकच होतं: यंत्राने करायचं काम आधी नकाशाकडून करून घ्यायचं.

महाराष्ट्रात हवामान एक नाही, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. कोकणपट्टीत हवा दमट. दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही. तिथे जाड भिंतीचा उपयोग कमी, वारा आरपार जाणं महत्त्वाचं. शेजारच्या गोव्यातल्या जुन्या घरांमध्ये बाहेर बसायला बाल्कांव आणि आत राजांगण असतं, ते यासाठीच. पुण्याला उन्हाळ्यातही रात्री हवा उतरते, म्हणून वाड्याच्या जाड भिंती आणि मधला चौक तिथे शोभले: दिवसाची उष्णता भिंतीने धरून ठेवायची, रात्री चौकातून ती वर जाऊ द्यायची. विदर्भात तिसरीच तऱ्हा. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या किंवा गवताच्या जाळ्या लावलेला कूलर दोनशे वॅटच्या आसपास विजेवर घर गार करतो; दीड टनाच्या एसीला दीड किलोवॅटच्या घरात वीज लागते. मात्र कूलरला बाहेरून हवा ओढावी लागते आणि आतली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. आता नागपुरात मुंबईच्या धर्तीवर फ्लॅट बांधले जातात. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला बंद पॅसेज, आणि कूलरचा स्टँड टांगायला जागा नाही. कूलर वापरणारं कुटुंब अशा घरात राहायला गेलं, की पहिल्याच मे महिन्यात एसी घेतं. दोष त्या कुटुंबाच्या चैनीचा नाही, फ्लॅटच्या नकाशाचा आहे.

एकेका घरात एसी आला की गोष्ट घरापुरती राहत नाही. एसी थंडी निर्माण करत नाही. तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. एक युनिट वीज खाऊन तीन युनिट उष्णता खोलीतून काढली, तर बाहेर चार युनिट सोडली जाते. ही उष्णता पडते कुठे, तर तीन मीटरच्या गल्लीत किंवा इमारतीच्या डक्टमध्ये, जिथे वारा नाही. मग समोरच्याची खिडकी उघडी राहू शकत नाही, आणि तोही एसी घेतो. शहर भोवतालच्या गावांपेक्षा गरम असतं, हे ल्यूक हॉवर्ड याने लंडनच्या नोंदींवरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. तेव्हा कारण कोळशाच्या शेगड्या होत्या. आज त्यात डांबर, काँक्रीट, काच, वाहनं आणि हजारो आउटडोअर युनिटं आहेत. केंद्र सरकारच्या २०१९च्या शीतन कृती आराखड्याचा अंदाज असा, की २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८पर्यंत देशातली थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल. त्यासाठी किती वीजकेंद्रं लागतील याची चर्चा होते. त्यातली किती मागणी इमारतींमधलं अंतर दोन मीटरनी वाढवून, पश्चिमेच्या काचा कमी करून, गल्लीत झाडं ठेवून टळेल, याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही.

घरातून बाहेर पडलं की दुसरा मोठा खर्च सुरू होतो तो प्रवासाचा. इथे मुंबईची कहाणी उलटी आहे: ती नकळत काटकसरी झाली. तीन बाजूंनी पाणी असल्याने शहराला आडवं पसरता आलं नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं शहर त्या रुळांच्या कडेकडेने उत्तरेला वाढत गेलं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची गाडी धावली. देशातली ती पहिली. जवळजवळ प्रत्येक उपनगर स्टेशनाभोवती उभं राहिलं आणि माणसं स्टेशनपर्यंत चालत जाऊ लागली. गिरणगावात तर घर आणि गिरणी यांत भोंगा ऐकू येण्याइतकंच अंतर होतं. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ साली पूर्ण झालेल्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचं आढळलं, आणि उरलेल्यांतल्या बहुसंख्य लोकल आणि बसने. आता नव्या लोकल गाड्या ब्रेक लावताना काही वीज तारेला परतही करतात.

या रचनेची किंमत काय असते, हे कळायला दुसऱ्या टोकाचं शहर बघावं लागतं. पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या अभ्यासकांनी १९८९ साली जगातल्या बत्तीस शहरांची तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकी शहरांत दरडोई पेट्रोलचा वापर युरोपीय शहरांच्या चौपट आणि त्यांनी अभ्यासलेल्या आशियाई शहरांच्या दहापट निघाला. वस्ती जितकी विरळ, तितकं पेट्रोल जास्त. यावर वादही झाले. पेट्रोलचे भाव आणि लोकांचं उत्पन्न यांना त्यांनी पुरेसं वजन दिलं नाही, असं काही अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य आहे. पण नगररचनेचे अभ्यासक अलां बेर्तो यांनी मांडलेली अटलांटा आणि बार्सिलोनाची तुलना पाहिली की मूळ मुद्दा नाकारता येत नाही. १९९०च्या सुमारास अटलांटाची वस्ती २५ लाख आणि बार्सिलोनाची २८ लाख, म्हणजे जवळपास सारखी. बांधलेलं क्षेत्र मात्र अटलांटाचं ४,२८० चौरस किलोमीटर आणि बार्सिलोनाचं १६२. बार्सिलोनात साठ टक्के लोक मेट्रो स्टेशनपासून सहाशे मीटरच्या आत राहत होते. अटलांटात आठशे मीटरच्या आत राहणारे चार टक्के. तिथे उद्या कितीही मेट्रो बांधली, तरी ती लोकांच्या दारापर्यंत पोहोचणार नाही. सोय नसल्यामुळे तिथे माणूस मोटारीत बसतो आणि मग त्याला मोटारीची हौस आहे असं म्हटलं जातं.

मात्र मुंबईच्या काटकसरीचं कौतुक करताना जीभ जरा आवरायला हवी. तिच्यात नियोजन थोडं आणि नाइलाज पुष्कळ आहे. लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरवर चौदा ते सोळा माणसं उभी राहतात. उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. झोपडीत वीज कमी लागते ती ऐपत नाही म्हणून. पत्र्याखाली मे महिन्यात जे तापमान होतं, त्यात कुणी सुखाने राहत नाही. दरडोई ऊर्जावापराच्या तक्त्यात असं शहर वरच्या क्रमांकाचं दिसेल, आणि तो तक्ता करणारा खूशही होईल. पण हालअपेष्टांनी वाचलेली वीज ही बचत नव्हे. ज्याच्या हातात पैसा येतो तो आधी डब्यातून बाहेर पडून स्कूटर घेतो, आणि नंतर पत्र्याखालून बाहेर पडून एसी. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. त्याला चांगली गाडी आणि हवेशीर घर मिळालं, तरच शहराची काटकसर टिकेल.

ती टिकत नाहीये, हे नोकऱ्यांच्या नकाशावरून दिसतं. रेल्वे उत्तर-दक्षिण आहे. नोकऱ्या फोर्ट आणि नरिमन पॉइंटवरून वांद्रे-कुर्ला संकुलात, अंधेरीत, पवईत गेल्या. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नावात दोन स्टेशनं आहेत, पण उतरून तिथे चालत जाणं म्हणजे परीक्षाच. बरीच वर्षं भिस्त शेअर रिक्षा आणि बसवर राहिली. भुयारी मेट्रोचा तिथपर्यंतचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला, संकुल भरून गेल्यावर कित्येक वर्षांनी. नवी मुंबईतही क्रम असाच चुकला. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि वाशीला लोकल पोहोचली १९९२ साली. शासनाची मुख्य कार्यालयं पलीकडे न्यायची मूळ योजना होती. तीही राहिली आणि खाडीच्या अलीकडे नरिमन पॉइंटवर भराव घालून मनोरे उभे राहिले. तरीही नवी मुंबईचं एक श्रेय मान्य करायला हवं: तिचे नोड स्टेशनाभोवती आखले गेले होते, त्यामुळे गाडी उशिरा आली तरी तिला थांबायला जागा होती.

पुण्याला तेवढंही साधलं नाही. एकेकाळी सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं हे शहर. २०१८ साली तिथल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला, तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. पुणेकरांना दुचाकीची हौस आहे, हे विनोदाला ठीक. कारण म्हणून अपुरं. हिंजवडीचं आयटी पार्क शहराच्या पश्चिमेला, रेल्वेमार्गापासून दूर आखलं गेलं. मगरपट्टा आणि खराडी पूर्वेला. हजारो माणसं रोज शहर आडवं ओलांडतात. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं, म्हणजे पार्क सुरू झाल्यावर दोन दशकांच्या घरात. मधल्या काळात ज्यांनी मोटारी घेतल्या, हप्ते भरले, पार्किंगसकट फ्लॅट घेतले, ते मेट्रो आल्यावर सगळे काही खाली उतरणार नाहीत. कामाची जागा आणि गाडी यांचा क्रम चुकला की त्याचं व्याज पिढीभर पेट्रोलमध्ये भरावं लागतं.

पाण्याचा खर्च छोटा आहे, पण सांगण्यासारखा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजचं पाणी पुण्यात आणलं ते निव्वळ उताराने. मुंबईला तानसाचं पाणी १८९२पासून येतं, तेही मुख्यतः उतारानेच, आणि मलबार हिलच्या जलाशयातून दक्षिण मुंबईत उतरतं. शंभर किलोमीटर फुकट आलेलं हे पाणी इमारतीच्या फाटकाशी आलं की मात्र पंपावर चढतं. चाळीस मजली इमारतीत पाच माणसांच्या कुटुंबाचं दिवसाचं पावणेसातशे लिटर पाणी एकशेतीस मीटर वर चढवायला, पंप निम्म्या कार्यक्षमतेने चालतो असं धरलं तर, महिन्याला चौदा-पंधरा युनिट लागतात. साध्या रचनेत पहिल्या मजल्यावरच्या घराचं पाणीसुद्धा आधी गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग खाली येतं. त्यात लिफ्ट, पोडियमखालच्या पार्किंगचे दिवसा जळणारे दिवे आणि हवा खेचणारे पंखे मिळवा. उंच इमारत म्हणजे दाट वस्ती आणि दाट वस्ती म्हणजे ऊर्जेची बचत, हे समीकरण म्हणून मला जसंच्या तसं पटत नाही. चार-पाच मजल्यांची, रस्त्याला लागून असलेली, मध्ये चौक ठेवणारी वस्तीही पुरेशी दाट होते; बार्सिलोना बहुतांशी पाच-सहा-सात मजल्यांचंच आहे. आपल्याकडे मनोरा उठतो आणि खाली पाच मजले मोटारींना दिले जातात. त्या भिंतीशेजारून चालणाऱ्याला ना सावली, ना दुकान, ना खिडकी. तो चालणं सोडतो.

हे सगळं घडतं कसं? बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही, हिशेबाच्या पद्धतीने. मुंबईत बांधकामाचा प्राण चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे एफएसआयमध्ये असतो. जे एफएसआयमध्ये मोजलं जात नाही ते बांधायचं आणि विकायचं, जे मोजलं जातं ते काटायचं. बाल्कनी एका मर्यादेपर्यंत मोजली जात नव्हती, तेव्हा ती प्रत्येक फ्लॅटला होती. पुढे अधिमूल्य भरून ती बंद करून खोलीत घेता येऊ लागली, आणि घराची पडवी गेली. मग फ्लॉवरबेड मोजत नसत, म्हणून माणूस झोपू शकेल एवढे फ्लॉवरबेड निघाले. २०१२च्या सुधारणेने बाल्कन्या, फ्लॉवरबेड सगळेच मोजणीत आले आणि बदल्यात घरांना पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय देण्यात आला. गैरप्रकार थांबवण्यासाठी ते योग्यच होतं. पण आता जी बाल्कनी मोजली जाणार ती कोण ठेवणार? भिंत उघडी पडली, काच तिच्या कडेला आली आणि उन्हात उभी राहिली. या साखळीतल्या एकाही टप्प्यावर कुणी तापमान विचारलं नाही.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला तिने प्रति चौरस मीटर पंधरा वॅटची मर्यादा घातली, आणि उष्ण-दमट हवामानात चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के इतका भाग उघडता येणाऱ्या खिडक्यांचा असावा असं सांगितलं. यात 'उघडता येणाऱ्या' हे शब्द कळीचे आहेत. आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडते. नकाशावर मोठी दिसणारी खिडकी वाऱ्याच्या हिशेबात अर्धी ठरते. पण अशी संहिता राज्याच्या बांधकाम नियमांत येऊन परवानगीच्या टेबलावर तपासली जात नाही, तोवर तिचा उपयोग चर्चासत्रापुरता. मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर २०२०पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. सोय म्हणून ती चांगली आहे. मात्र तिच्यात मोकळ्या जागांचे आकडे मुख्यतः शहराचा दर्जा आणि इमारतीची उंची पाहून बदलतात. रत्नागिरीची हवा वेगळी आणि चंद्रपूरची वेगळी, हे तिला फारसं ठाऊक नाही.

आणि सगळ्याच्या तळाशी पैशाची एक साधी गोष्ट आहे. जो इमारत बांधतो तो तिचं वीजबिल भरत नाही. छज्जा वाचवला, दोन इमारती जवळ घेतल्या, तर फायदा त्याला आजच मिळतो. तोटा राहणाऱ्याला साठ वर्षं पुरतो, आणि तोही महिन्याला थोडाथोडा, त्यामुळे तक्रार करायला कुणी जात नाही. घर घेताना आपण ग्रॅनाइटचा ओटा बघतो, लॉबी बघतो, मोटारीची जागा बघतो. शयनगृहाची भिंत पश्चिमेला आहे का, हे विचारणारे फार तर वास्तुशास्त्राच्या भीतीने विचारतात.

पुढच्या लेखांमध्ये वास्तुरचनाकार, वीज अभियंते, वाहतुकीचे अभ्यासक आणि पालिकेत हयात घालवलेले अधिकारी यांनी या विषयाच्या वेगवेगळ्या बाजू धरल्या आहेत. त्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. उंच इमारतींच्या बाबतीत तर माझंही त्यांतल्या काहींशी पटत नाही, ते वर आलंच आहे. वाचकाने आपलं शहर समोर ठेवून हे वाद वाचावेत. पुण्याला लागू पडेल ते मालवणला पडेलच असं नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा कधी ना कधी प्रसिद्ध होतो आणि कायद्याने नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. बहुतेक हरकती आपापल्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल असतात. त्यांच्या जोडीला एक कागद शहरासाठीही द्या: नवीन कचेऱ्या कुठे येणार आणि तिथे बस किंवा गाडी त्याच वर्षी येणार का, पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये अंतर किती, मुख्य रस्त्याच्या पश्चिमेच्या बाजूला झाडं राहणार का, हे त्यात विचारा. अर्ज साध्या मराठीत चालतो. मुदत संपायच्या आत तो द्या, आणि आवक-जावक विभागाच्या शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नका.